एकच फाटा

रामनवमीच्या दुपारी जुन्या कूलरनं मान टाकली. दोन उन्हाळे तो कण्हतच होता. टाकीला डांबर फास, जाळीला तार बांध, असं करत चंद्रभाननं त्याला कसंबसं इथवर ओढत आणलं होतं. त्या दिवशी सुंठवडा वाटून झाला, महादेवराव बैठकीतल्या तखतावर लोडाला टेकले, डोळा लागतो न लागतो तोच कूलरचा तळ भसकन खाली आला. गंजाचं तांबडं पाणी बैठकभर झालं. सतरंजी भिजली, दाराशी काढून ठेवलेल्या वहाणा वाहत ओसरीपर्यंत गेल्या, आणि महादेवराव धोतर गुडघ्याशी धरून तखतावर उभे राहिले.

घरातल्या दोन्ही सुना पोतेरं घेऊन धावल्या. थोरली वच्छला, चंद्रभानची बायको. धाकटी कोकिळा, बाबारावची. कोकिळा पुसायला वाकली तशी वच्छलानं तिच्या हातातलं पोतेरं काढून घेतलं.

"तू सर. मी पुसते."

कोकिळाला तिसरा महिना लागला होता. घरात ते वच्छलाशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. कोकिळानं अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नव्हतं हे वच्छलाला विचारावं लागलं नव्हतं. मागच्या साली ऐन जेठात अधिक महिना आला. नागपूरचे जावई धोंड्याच्या जेवणाला आले. सकाळपासून अनारसे, पुरणपोळ्या, भजी, कुरड्या. कोकिळाला तेव्हा सातवा होता. भर दुपारी ती कढईपुढून उठली आणि उठल्या जागी कोसळली. अंग तव्यासारखं तापलं होतं. कांदा फोडून लावला, पन्हं पाजलं, बैलगाडी जुंपून दवाखान्यात नेलं. ती वाचली. पोटातलं वाचलं नाही. ऊन लागलं, असं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा बाबाराव म्हणाला, ती तर उन्हात गेलीच नव्हती.

खरंच गेली नव्हती. ती स्वयंपाकखोलीत होती.

बैठक पुसता पुसता वच्छलाच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. हा कूलर आणि ती स्वतः एकाच उन्हाळ्यात या घरात आले होते. हिंगणघाटच्या त्या गल्लीत पहिला कूलर महादेवरावांनीच आणला, थोरल्याच्या लग्नात व्याह्यांना दाखवायला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो बैठकीच्या खिडकीत घरघरायचा, आणि ती भिंतीच्या पलीकडे, चुलीपाशी, त्याची घरघर ऐकायची. त्याच्यापुढं ती आज पहिल्यांदाच इतका वेळ होती, आणि आज तो मेला होता.

*

दुसऱ्या दिवशी कूलरवाला हिरालाल आला. स्टेशन रोडवर त्याचं पत्र्याचं दुकान होतं आणि तोंड त्याच्या पंख्यांपेक्षा जास्त चालायचं. त्यानं खिडकीचं माप घेतलं, तखताच्या कडेला टेकला आणि बोटांवर मोजत सुरू झाला.

"कूलर तं मी उभा करतो बाबूजी. पण वरून काय काय जोडून पाहिजे, ते आत्ताच सांगा. मागून म्हणाल तं पत्रा कापाव लागते. हे पाहा, पाण्याचा फुगा हाये. टाकी भरली का नळ आपल्या आप बंद. खाली चाकं हायेत. समोर कमळाची जाळी लावून देतो, सोनेरी रंगाची. येणारा माणूस पाहतच राह्यला पाहिजे!"

"फुगा लावा," महादेवराव म्हणाले. "चाकं नको. आपला कूलर काय फिराले जाते? कमळ लावा. अन् खस टाका, असली वाळा. ते लाकडाचं गवत नको, वास मारते."

तखताच्या पायथ्याशी त्यांची लेक सुमित्राबाई बसली होती. उन्हाळ्याची माहेरी आली होती. अक्षय तृतीयेला जावई यायचे होते. "बाबा, आमच्या शेजारी डकवाला कूलर हाये," ती म्हणाली. "एका खोलीत कूलर अन् दुसऱ्या खोलीतही हवा."

हिरालालचा चेहरा फुलला. "बराबर बोलल्या ताई. पत्र्याचा नळा काढतो, त्याले डक म्हणतात. भिंतीतून पलीकडच्या खोलीत फाटा. मोटर तगडी टाकतो. पण एक सांगून ठेवतो, फाटा एकच निघन. दोन काढाल तं न इकडं हवा, न तिकडं हवा."

बैठकीला दोन खोल्या लागून होत्या. उजवीकडे पाहुण्यांची खोली, तीन सालाआधी जावयांसाठी म्हणूनच बांधलेली. डावीकडे स्वयंपाकखोली.

"पाहुण्याच्या खोलीत काढा," महादेवराव म्हणाले.

वच्छला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि उंबऱ्याच्या आतूनच म्हणाली, "मामाजी, तो फाटा सैपाकखोलीत काढा."

हिरालालनं वर पाहिलं. महादेवरावांनी पाहिलं नाही. ते लेकाकडे वळले.

"चंद्रभान, सूनबाई काय म्हणून राह्यली?"

चंद्रभान मिलमध्ये बाबू होता. साहेब आणि युनियन या दोघांच्या मधे उभं राहून दोघांनाही हो म्हणायची कला त्याला साधली होती. "काई नाई बाबा," तो म्हणाला. "चहा घ्या."

"मी म्हटलं," वच्छलाचा आवाज आता बैठकीच्या मध्यापर्यंत आला, "फाटा सैपाकखोलीत काढा. पाहुणे वर्षातून आठ दिवस येतात. आम्ही तिथं रोज राह्यतो."

"सैपाकखोलीत कूलर!" सुमित्राबाई हसली. "वहिनी, स्टो विझन ना वो! जाळ कुठं राहीन?"

"आडोसा लावता येते ताई."

आतून सासूचा, आनंदाबाईंचा आवाज आला. "अन् मिठाले पाणी सुटन, त्याचं काय? पापड नरम पडतीन. लोणच्याले बुरशी."

"मीठ-लोणचं पाहुण्याच्या खोलीत ठेवू, आत्याबाई. ती बंदच राह्यते."

हिरालालला हसू आलं; ते त्यानं चहाच्या बशीत बुडवलं. महादेवरावांनी बशी खाली ठेवली. ते वाईट माणूस नव्हते. वेणा नदीकाठच्या वाडीत वांगी-टमाटर पिकवून त्यांनी हे घर उभं केलं होतं, आणि घराची अब्रू त्यांना पिकासारखी वाटायची, रोज राखावी लागणारी. मागच्या सालचं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. फक्त त्यांच्या मनात राहिलं होतं ते वेगळं.

"मागच्या साली जावई अर्ध्या ताटावरून उठले," ते म्हणाले. "घामानं निथळत बसले होते बिचारे, अन् वरून तो गोंधळ. त्यांनी तोंडातून शब्द नाई काढला. यंदा त्यांले गार खोली भेटली पाहिजे. मायावर त्यांचं ऋण हाये असं समजा."

वच्छलाचं माहेर आष्टीचं. तिचा बाप बेचाळीसच्या साली तुरुंगात गेलेला. घरात कोणी आवाज चढवला की तो म्हणायचा, खरं बोलायला आवाज लागत नाही. तिनं आवाज चढवला नाही.

"जावई अर्ध्या ताटावरून उठले, मामाजी. अन् कोकिळा रिकाम्या कुशीनं घरी आली. दोनातलं कोणतं मोठं?"

दाराच्या चौकटीला टेकून बाबाराव उभा होता, वाडीतून नुकताच आलेला. त्याच्या पायांवर चिखल वाळला होता. मागच्या सालच्या त्या दिवसापासून तो फारसं बोलायचाच नाही.

"ते नशिबाचं होतं," महादेवराव शेवटी म्हणाले.

"नशीब कुठं राह्यते मामाजी? सैपाकखोलीतच राह्यते काय?"

"वच्छला!" आतून आनंदाबाई ओरडल्या.

महादेवराव उठले. त्यांनी हिरालालच्या खांद्यावर हात ठेवला, जणू बाकीचं कोणी खोलीत नव्हतंच. "पाहुण्याची खोली. ठरलं. कूलर आधी बसवून दे, फाटा मागून आण."

सुमित्राबाई उठता उठता म्हणाली, "आष्टीवाल्यांपुढं इंग्रज थकले म्हणतात. बाबा नाई थकणार, वहिनी."

*

दुपारी स्वयंपाकखोलीत धुराड्यातून उन्हाचा एक पट्टा उतरला होता आणि त्यात चुलीची राख तरंगत होती. कोकिळा भांडी पुसत बसली होती. तिचं पोलकं पाठीला चिकटलं होतं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मी सांगून टाकू का? असं हाये म्हणून सांगितलं तं मामाजी नाई म्हणणार नाई."

"सांग. पण याच्यासाठी नको सांगू."

"काऊन?"

वच्छलानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "पोटासाठी भेटलेली हवा पोटापुरतीच राह्यते, कोकिळा. तू बाळंत झाली का ते म्हणतीन, आता काय काम? लावा जावयाच्या खोलीत. अन् मंग पुढच्या खेपेले पुन्हा मागाची. त्यांनी दया करावी अन् आपण पदर पसरावा, असं नाई पाहिजे मले. इथं माणसं राह्यतात, एवढ्यावरच भेटली पाहिजे."

"अन् नाई भेटली तं?"

वच्छलानं ते लाकूड पुन्हा आत सारलं तेवढ्यात आनंदाबाई पाटावर येऊन बसल्या. त्यांनी कोकिळाकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या पातेल्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. सहा बाळंतपणं झालेल्या बाईपासून असल्या गोष्टी लपत नाहीत.

"कितवा?"

कोकिळानं मान खाली घातली. "तिसरा."

आनंदाबाई काही वेळ पदराच्या टोकानं वारा घेत राहिल्या. "मंग सोपं हाये," त्या म्हणाल्या. "कारंज्याले माहेरी जा. पाऊस पडला का येजो. भांडण कायले पाहिजे घरात?"

"अन् आपण दोघी, आत्याबाई?" वच्छलानं विचारलं.

"आपल्याले काय झालं? आपलं आंग पक्कं झालं." त्यांनी मान खाजवली. मानेवर, पाठीवर घामोळ्यांचे काळे डाग होते. दर उन्हाळ्यात त्यांच्यावर नव्यानं पुरळ यायचं आणि त्या मुलतानी माती लावून बसायच्या. "मायी सासू म्हणे, बाईचा उन्हाळा चुलीतच जाते. गेला. काई मेली नाई मी."

"मी नाई जात माहेरी," कोकिळा म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. कोकिळा मोठ्यांपुढं बोलणाऱ्यातली नव्हती. पण आज ती थांबली नाही. "मागच्या साली सारे म्हणत, कोकिळाचंच आंग कमजोर. माहेरी गेली तं तेच खरं होईन. मायं आंग कमजोर नाई. इथं बैलही बसला नसता."

आनंदाबाई तोंडाला पदर लावून उठल्या. जाता जाता त्यांनी कोकिळाच्या हातातलं पातेलं घेतलं आणि तिला नुसतं एवढंच म्हटलं, "वट्ट्यावर जाऊन बस. तिथं सावली हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाणी भरताना वच्छलानं चंद्रभानला गाठलं. तो दात घासत होता.

"मी तुले टेबल फॅन आणून देतो," तो तिच्या बोलण्याची वाट न पाहता म्हणाला. "बाबांले कायले दुखवाचं?"

"टेबल फॅन चुलीचीच हवा फिरवते जी. भाजलेलं माणूस अजून भाजते."

"मी बाबांपुढं काय बोलू, तूच सांग."

तिला त्याची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम यावीत एवढा तो तिचा होता. "तुम्ही मायाकडून बोलू नका," ती म्हणाली. "पण मायाविरुद्धही बोलू नका. एवढं जमन?"

चंद्रभाननं चूळ भरली. "जमन," तो म्हणाला.

*

आठवड्यानं नवा कूलर आला. हिरालालनं खिडकीबाहेर अँगलवर तो चढवला, खसच्या जाळ्या बसवल्या, पाणी सोडलं आणि बटण दाबलं. वाळ्याचा ओला, मातकट गोड वास बैठकीत भरला. कमळाच्या जाळीतून अशी हवा आली की कॅलेंडरची पानं भिंतीवर फडफडली. गल्लीतले दोन शेजारी ते बघायला आले आणि महादेवरावांनी त्यांना तखतावर बसवून घेतलं. कूलरच्या डाव्या अंगाला एक चौकोनी तोंड पत्र्यानं झाकलेलं होतं. फाटा तिथून निघायचा होता. डाव्या अंगानं निघालेला नळा छताखालून फिरवून उजवीकडे पाहुण्यांच्या खोलीत न्यायचा, असं हिरालालनं ठरवलं होतं. डावीकडची भिंत, हातभर अंतरावरची, स्वयंपाकखोलीची होती.

वच्छलानं शेजाऱ्यांना पाणी दिलं. मग ती आत गेली आणि स्टोव्ह घेऊन आली.

तो तिनं बैठकीच्या मधोमध, कूलरसमोर ठेवला. मग परात आणली, कढई आणली, मिरच्यांची टोपली आणली. रिकाम्या तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा स्टोव्हभोवती उभा केला, पंप मारला आणि काडी ओढली. पत्र्याच्या आत ज्योत निळी, सरळ उभी राहिली.

"हे काय चाललं?" महादेवरावांचा आवाज फुटला.

"सैपाक, मामाजी. जेवणाची वेळ होऊन राह्यली."

"बैठकीत?"

"हवा इथंच हाये."

तिनं कढईत तेल ओतलं. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तेल तापलं, मोहरी तडतडली आणि तिनं ओंजळभर हिरव्या मिरच्या कढईत टाकल्या. कूलरनं आपलं काम चोख केलं: ठसका उचलला आणि सरळ तखतावर नेऊन टाकला. एक शेजारी खोकत उठला, दुसरा डोळे पुसत. "येतो महादेवराव, गाय पाजाची राह्यली," म्हणत दोघांनी वहाणा शोधल्या.

"चंद्रभान!" महादेवराव खोकल्यातून गरजले. "उठव तिले!"

चंद्रभान दारात होता. त्याचा सदरा इस्त्रीचा, खिशाला पेन, मिलची वेळ झालेली. तो बापाकडे बघत राहिला, मग बायकोकडे. वच्छला त्याच्याकडे बघत नव्हती. ती मिरच्या परतत होती.

"मले उशीर होऊन राह्यला, बाबा," चंद्रभान म्हणाला आणि सायकल घेऊन निघून गेला.

सुमित्राबाई बाहेर आली होती. तिचा चेहरा लाल झाला होता. "लाज नाई वाटत, वहिनी? गावासमोर तमाशा? उद्या यांच्या कानावर गेलं तं ते इथं पाय तरी ठेवतीन काय? मायी काय इज्जत राहीन?"

"तुमची इज्जत मी कुठं घेतली, ताई? तुमच्या घरी सैपाकखोलीत हवा येते काय?"

सुमित्राबाई जास्तच चिडली. "मायं घर कायले मधे आणता? मी आजच जाते नागपूरले!" ती पाय आपटत खोलीत गेली आणि ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

आनंदाबाई मधल्या दारात उभ्या होत्या. वच्छलाला वाटलं, आता त्या स्टोव्ह उचलतील. सासू उचलायला वाकली तर आपण धरून ठेवायचा की सोडायचा, हे तिला ठरवता येईना. आनंदाबाई आल्या. त्या स्टोव्हशी थांबल्या, कमरेवर हात ठेवून हळूच खाली बसल्या आणि परातीतलं पीठ ओढून घेतलं.

त्या कूलरच्या तोंडापुढंच बसल्या होत्या. हवेनं पदर डोक्यावरून खांद्यावर आला. त्यांनी तो सवयीनं वर घेतला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा त्यांनी तो घेतला नाही. पांढऱ्या केसांच्या बटा उडत होत्या, मानेवरचे डाग उघडे पडले होते, आणि त्या नवऱ्यासमोर डोळे मिटून बसल्या होत्या, हात पिठात तसेच ठेवून.

"माय वो," त्या म्हणाल्या. "एवढं गार राह्यते काय इथं?"

महादेवराव बायकोकडे बघत राहिले. मग टोपी घेतली आणि उन्हातच वाडीकडे निघून गेले.

त्या दिवशी जेवणं बैठकीत झाली. ट्रंक घेऊन निघालेल्या सुमित्राबाईला आईनं दोन घास खाऊन जा म्हणून विनवलं. ती बसली नाही. बाबारावनं तिला स्टेशनवर पोचवलं. जावई त्या साली आलेच नाहीत, आणि सुमित्राबाईनं पुढं दोन दिवाळ्या माहेरची वाट धरली नाही. ते वच्छलाच्या नावावर लागलं, आणि तिनं ते लागू दिलं.

*

महादेवराव मात्र वाकले नाहीत. ते संध्याकाळी परत आले आणि कोणाकडे न पाहता म्हणाले, "तीन दिवसानं हिरालाल येऊन राह्यला. फाटा पाहुण्याच्या खोलीतच निघन. बैठकीत स्टो दिसला तं मी बाहेर फेकीन."

"फेका," वच्छला म्हणाली. "मी उचलून पुन्हा आणीन."

दोन दिवस घरात असे गेले. सकाळी स्टोव्ह बैठकीत यायचा. महादेवराव ओसरीवर खाट टाकून उन्हाच्या झळांत बसायचे. त्यांनी स्टोव्ह फेकला नाही; त्याच्यापाशी आनंदाबाई बसलेल्या असायच्या. वच्छलाला आतून भीती वाटायची. माहेरचं कोणी उरलं नव्हतं की जिथं जाऊन राहावं. नवऱ्याचं मौन हाच काय तो तिचा आधार, आणि मौनाला टेकून किती दिवस उभं राहता येतं? पण कोकिळा शेजारी बसून तांदूळ निवडायची, तिच्या कपाळावर घाम नसायचा, आणि ते पाहिलं की वच्छला पुन्हा काडी ओढायची.

तिसऱ्या दिवशी हिरालाल सायकलरिक्षावर पत्र्याचा लांब नळा घालून आला. महादेवराव त्याला घेऊन पाहुण्यांच्या खोलीच्या भिंतीशी उभे राहिले आणि खडूनं चौकोन काढू लागले. वच्छला त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकखोलीत होती. चौकोन निघताना तिला बघायचा नव्हता. तिनं चूल पेटवली होती, वरण चढवलं होतं.

मागच्या दारानं बाबाराव आला. वाडीतली पहार त्याच्या खांद्यावर होती. मागून कोकिळा होती, आणि तिचा चेहरा बघून वच्छलाला कळलं की तिनं नवऱ्याला सांगितलं.

"वहिनी," बाबाराव म्हणाला, "जरा सरका."

त्यानं बैठकीकडच्या भिंतीवर, फळीच्या वर, हात फिरवला. भिंत ठोकून पाहिली. मग दोन पावलं मागं गेला आणि पहारीचा पहिला घाव घातला. फळीवरचे डबे खणाणले. मातीचा पोपडा खाली आला.

"कोण हाये रे?" पलीकडून महादेवरावांचा आवाज आला. "कोण भिंत पाडून राह्यलं?"

"मी हाये, बाबा."

"थांब! बाबाराव, थांब म्हणतो ना!"

बाबारावनं पहार खाली टेकवली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. वच्छलाला वाटलं, संपलं. बापाच्या एका शब्दाखाली हा जन्मभर राहिला, आताही राहील.

"मागच्या साली मी थांबलो, बाबा," तो भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला. "ती म्हणे, मले गरगरून राह्यलं, बाहेर घेऊन चला. मीनं म्हटलं, पाहुणे जेवून राह्यले, जराशी थांब. तुम्ही रागावतान म्हणून थांबलो. यंदा नाई थांबत."

बाबारावनं पहार उचलली. दुसरा घाव, तिसरा. भिंत जुन्या मातीची होती, पण जाड होती. कोकिळा दाराशी उभी राहून बघत होती, दोन्ही हात पोटावर, लपवायचं काही न उरल्यासारखे उघडपणे ठेवून. एक वीट आत ढकलली गेली, मग दुसरी, आणि बैठकीतला उजेड भोकातून स्वयंपाकखोलीत शिरला. त्याच्यामागून वारा आला. पातळ, वाळ्याच्या वासाचा. चुलीचा धूर हलला आणि धुराड्याकडे वळला.

धूळ बसली तेव्हा भोकापलीकडे महादेवराव उभे होते.

इतक्या वर्षांत वच्छलानं सासऱ्याचा चेहरा असा समोरून, डोळ्याला डोळा देऊन पाहिलाच नव्हता. बोलायची ती दाराआडून, जमिनीकडे बघून. तिला त्यांचे पाय, वहाणा, धोतराची किनार पाठ होती. चेहरा म्हातारा होता. भुवयांवर माती बसली होती, आणि डोळ्यांत रागाबरोबर आणखी काहीतरी होतं, वाट चुकलेल्या माणसाचं. त्यांच्या नजरेनं आतलं सगळं पाहिलं: काळी झालेली भिंत, चूल, पहार धरलेला लेक, दाराशी उभी कोकिळा आणि तिचे पोटावरचे हात. तिथं ती नजर थांबली.

"हिरालाल," ते मान न वळवता म्हणाले. "पाहून काय राह्यला? माप घे इथलं."

पलीकडे हिरालालच्या टेपचा खुळखुळ आवाज झाला. महादेवराव तरीही भोकाशी उभेच राहिले. हार मानल्याचं त्यांना म्हणता येत नव्हतं आणि वच्छला त्यांना त्यात मदत करणार नव्हती. तिनं पदर ओढला नाही, नजर खाली घातली नाही.

"सैपाकात माती पडून राह्यली, सूनबाई," ते शेवटी म्हणाले.

"पडू द्या मामाजी," वच्छला म्हणाली. "आज जेवाले उशीर होईन."